अर्थ

ट्रेलर उभा आहे घरामागे, त्रिमूर्तीनगरात,
चार विटांवर नाक टेकून.
ॲल्युमिनियमचा, पोट सुटलेला, चौऱ्याहत्तर सालचा.
पद्माकर यात महिना-महिना राहायचे
तुमसरकडे, मँगनीजच्या खडकांपाशी,
आणि पत्रात लिहायचे: इथे दिवा छान लागतो.

आता लागत नाही.
मार्चमध्ये नवी बॅटरी घातली.
रात्री भरलेली, सकाळी मेलेली.
दुसरी आणली. तीही तशीच.
दुकानदार म्हणाला, मॅडम, ऊन लागतं बॅटरीला.
मलाही लागतं. मी मेले नाही अजून.

गच्चीवरून उत्तरेला कोराडीच्या चिमण्या दिसतात.
दूरदूर वीज धाडतं हे शहर
आणि माझ्या अंगणात
बारा व्होल्ट एक रात्र टिकत नाहीत.

ऐन नवतप्यात मोरेश्वर निखारे आला, गोळीबार चौकातला,
लुनावर, हत्यारांची पेटी पायांत धरून.
चहा नको म्हणाला, मग दोनदा प्याला.
बॅटरीकडे त्याने पाहिलंच नाही.
"तिचा काही दोष नाही जी.
तुमीच उगाच बदलवून राहिले."
पाठीवर सरकत ट्रेलरखाली गेला
आणि पिंपातून यावा तसा आवाज आला:
"अर्थ सुटला हाये."

मी तेहतीस वर्षं मराठी शिकवलं.
बाई, अर्थ लागत नाही,
हे किती बाकांवरून ऐकलं असेल.
पण कुणी असा पान्याच्या टोकाने दाखवला नव्हता:
चेसिसला बोल्ट, बोल्टखाली गंज,
गंजावर काळी तार, नुसती टेकलेली,
लांबून पाहिलं तर घट्ट.
त्याने पॉलिश पेपर घासला
लोखंड नव्या पातेल्यासारखं दिसेपर्यंत.
व्हॅसलीन लावलं, आवळलं.
दिवे लागले. छोटा पंखासुद्धा फिरला,
किती वर्षांची धूळ माझ्या तोंडावर फेकत.

सकाळी पुन्हा अंधार.

निखारे चिडला नाही.
त्याचा बाप मागावर बसायचा.
धागा ढिला पडला तर
आख्खं लुगडं उलगडत नाही कोणी, म्हणाला,
बोटाले समजलं पाहिजे कुठं पडला ते.
काट्याचा मीटर जोडला
आणि एकेक फ्यूज काढत गेला.
पहिला. दुसरा. काटा ढिम्म.
तिसरा. कूलरचं पाणी ठिबकत होतं तेवढाच आवाज.
चौथा काढला, काटा शून्यावर येऊन बसला.
"इथं कोणीतरी पिऊन राहिलं."

चौथ्यावर फक्त कपड्यांचं कपाट.
दार उघडलं की दिवा लागतो, लावलं की विझतो,
तशी सोय होती, पद्माकरांना कौतुक होतं तिचं.
विझतो हे कुणी पाहिलंय, निखारे म्हणाला.
मोबाइल आत ठेवला, व्हिडिओ चालू करून,
दार लावलं, वीस मोजले.

मग दोघांनी उकिडवं बसून पाहिलं
बंद कपाटाचं आतलं.
उजेड होता.
करंगळीएवढा पिवळा दिवा, दोन खाकी शर्ट,
घडीवर फाटलेला एक नकाशा.
मी पलीकडे झोपायचे तेव्हा
रात्रभर हे असं चाललेलं.

बिजागरीपाशी बटण होतं, आत अडकलेलं,
आणि त्याच्या फटीत एक शर्टाची गुंडी.
बटणात बटण, निखारे हसला,
मग माझ्याकडे पाहून थांबला.
"बल्ब काढून टाकू का जी?"
गुंडी काढा, म्हटलं. बल्ब राहू द्या.

साडेतीनशे घेतले. मीटर ठेवून गेला,
आठ दिवस पाहा म्हणाला.
आज आठवा. रोज सकाळी दात घासायच्या आधी
मी लाल तार लालला, काळी काळीला लावते.
काटा साडेबाराच्या किंचित उजवीकडे.
गुंडी शिवणाच्या डब्यात आहे.
शर्टाला लावायची की नाही ते ठरत नाही.
ओढायला जीप मिळाली की खिंडसी.